दुसऱ्या मजल्याचं उत्तर

बाबांना काय झालंय, या प्रश्नाला आमच्या घरात जवळजवळ वर्षभर एकच उत्तर होतं. हवा. सकाळी नऊला उठून दहाला परत आडवे होतात? हवा खराब आहे. वर्तमानपत्राचं एकच पान उघडून तासभर बसतात? हवा. गोळी घेतली की नाही ते चारदा विचारतात? दिल्लीची हवाच अशी, माणसाचं डोकं जड होतं. हे सगळं आईचं म्हणणं, आणि त्याला हरकत घेणं अवघड होतं, कारण त्या थंडीत सातव्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीतून खरोखरच समोरचा टॉवर दिसत नव्हता. पण पुढे टॉवर दिसायला लागला, स्वेटर धुऊन कपाटात गेले, खालच्या बागेत म्हातारी मंडळी पुन्हा चकरा मारायला लागली, तरी आमचे बाबा पलंगावरच. तेव्हा आई म्हणाली, ऊन बाधतंय.

आम्ही तिघं नोएडात राहतो. मी पन्नाशीला टेकलेली, कंपनीत नोकरी करणारी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली मुलगी. आई चौऱ्याहत्तरची, बाबा एकोणऐंशीचे. भाऊ पुण्यात असतो आणि दर रविवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉल करतो. "मला तर बाबा एकदम ठीक वाटले," असं तो कॉल संपताना म्हणतो आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. दहा मिनिटं ठीक वाटायला काय लागतं? उरलेल्या आठवड्यात ये आणि बघ.

बाबांची सगळी नोकरी एका मंत्रालयात गेली आणि आमचं बालपण लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात मोरी. त्या घरातली मला सगळ्यात स्पष्ट आठवणारी गोष्ट म्हणजे बाबांची खात्याची परीक्षा. पास झालं की बढती, नाही तर त्याच खुर्चीत बसून निवृत्ती. बाबा दोनदा नापास झाले होते. तिसऱ्या वेळी आईने सूत्रं हातात घेतली. नियमांचं ते जाडजूड पुस्तक ती पोळपाटाशेजारी उघडं ठेवायची, पोळी लाटता लाटता प्रश्न विचारायची आणि बाबा मोढ्यावर, त्या बिनपाठीच्या वेताच्या बैठकीवर, बसून उत्तरं द्यायचे. रजेचे नियम, भत्त्यांचे नियम, कुठल्या अधिकाऱ्याला कशाची मंजुरी देता येते त्याचे नियम. पुस्तक इंग्रजीत आणि आई मराठी माध्यमात दहावी झालेली. अर्थ तिला कळायचा नाही, पण बाबांचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की लाटणं थांबायचं. मी आणि भाऊ तोंडाला कुलूप लावून जेवायचो. बाबा पास झाले तेव्हा तिने अख्ख्या ब्लॉकला पेढे वाटले. "अर्धं प्रमोशन माझं आहे," हे ती अजूनही सांगते आणि ते काही खोटं नाही.

तर मागच्या थंडीच्या शेवटी मी हट्टाला पेटून बाबांना दिल्लीत एका मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. आई बरोबर आलीच. "नुसता थकवा आहे, त्याला एवढ्या लांब कशाला?" असं ती गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत म्हणत होती. डॉक्टर बाई चाळिशीच्या, शांत, हिंदीत बोलणाऱ्या. त्यांनी बाबांची स्मरणशक्तीची चाचणी घेतली. तीस गुणांची. आज वार कोणता, महिना कोणता, ऋतू कोणता, हे शहर कोणतं, राज्य कोणतं, आपण कितव्या मजल्यावर आहोत. मग तीन शब्द सांगितले, चश्मा, पतंग, लोटा, आणि थोड्या वेळाने परत विचारले. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं.

बाबांनी राज्य महाराष्ट्र सांगितलं. पंचावन्न वर्षं दिल्लीत काढलेल्या माणसाने. शब्दांपैकी फक्त पतंग राहिला, तोही बऱ्याच वेळाने. वजाबाकीत ते त्र्याण्णवच्या पुढे गेलेच नाहीत. एकोणीस गुण पडले. बाई म्हणाल्या, काठावर आहे. कधीकधी नुसत्या थकव्यानेही असं होतं, काही जीवनसत्त्वं कमी आहेत, ती देऊन बघू. सहा महिन्यांनी परत तपासू. गुण तेवढेच राहिले किंवा घसरले तर मेंदूचा स्कॅन करायचा आणि औषध सुरू करायचं. हा आजार असेल तर औषधाने तो जात नाही, पण लवकर सुरू केलं तर काही काळ रोखून धरता येतो, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. मी ते मोबाइलवर लिहून घेतलं. आई भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, तिचं लक्षच नाही.

परतताना ती एवढंच म्हणाली, "महाराष्ट्र म्हणाले त्यात काय चुकलं? आपण महाराष्ट्राचेच ना?"

पावसाळ्यात आम्ही दुसऱ्यांदा गेलो. बाबांनी धडाधड उत्तरं दिली. वार, महिना, शहर, राज्य, सगळं बरोबर. "कौन सी मंज़िल?" म्हटल्यावर बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत "दूसरी!" चश्मा, पतंग, लोटा एका दमात. वजाबाकी तर पाढा म्हणावा तशी, तिरानवे, छियासी, उन्यासी, बहत्तर, पैंसठ. सत्तावीस गुण. बाई मनापासून खूश झाल्या. जीवनसत्त्वांचा गुण आलेला दिसतो म्हणाल्या. मी म्हटलं, पण घरी तर असं नाहीये, घरी तर आणखी बिघडलंय. त्या समजुतीने हसल्या. घरच्यांना काळजीपोटी जास्त वाटतं, वर्षाने या म्हणाल्या. स्कॅनचं नाव निघालं नाही, औषधाचंही नाही. खाली पार्किंगमध्ये मी गाडीच्या दाराला टेकून रडले. आनंदाने. ते रडणं आठवलं की अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण घरी खरोखरच बिघडत होतं. बाबा दुपारी जेवून उठले की अर्ध्या तासाने जेवायला येऊन बसायचे. दाढीचा साबण अर्ध्या गालाला लावून तसेच पलंगावर जाऊन पडायचे, उशीला साबण. पूर्वी रोज संध्याकाळी बागेत ज्या शेजाऱ्याशी पंजाबच्या राजकारणावर हुज्जत घालायचे, त्याच्याकडे बघून ओळख नसल्यासारखे हसायचे. आणि सतत थकलेले. काहीही न करता थकलेले. मी चिडायचे. चिडू नये हे कळायचं, तरी चिडायचे. "बाबा, आत्ताच सांगितलं ना!" हे वाक्य माझ्या तोंडून दिवसाला किती वेळा जायचं कोण जाणे. ते मान खाली घालायचे आणि मग मला ऑफिसात दिवसभर ती मान दिसायची.

सप्टेंबरमध्ये लिफ्टचं प्रकरण सुरू झालं. मी मीटिंगमध्ये असताना गेटवरच्या गार्डचा फोन आला. "मॅडम, अंकल जी दूसरी मंज़िल पे किसी के घर में बैठे हैं." बाबा खाली चक्कर मारायला गेले होते, परत येताना दुसऱ्या मजल्यावर उतरले, तिथली बेल वाजवली, दार उघडणाऱ्या बाईंना बाजूला सारून आत गेले, चपला काढून सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "चहा टाक गं." बाई लुधियानाच्या. मराठीचं अक्षर कळत नाही, पण चहा एवढं कळलं. बिचारीने आलं घालून चहा केला. मी संध्याकाळी जाऊन माफी मागितली तर म्हणाल्या, "अजी कोई बात नहीं, मेरे पापा जी भी ऐसे ही थे." मला रडू कोसळायचं बाकी होतं.

चार दिवसांनी परत दुसरा मजला. पुढच्या आठवड्यात परत. मी लिफ्टमधल्या सातच्या बटणावर लाल टिकली चिकटवली. बाबांना खाली-वर सहा फेऱ्या मारून दाखवली. "लाल टिकली म्हणजे आपलं घर. कळलं ना?" "बिल्कुल," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी टिकली जिथल्या तिथे आणि बाबा दुसऱ्या मजल्यावर. मला कळेना की चुकायचंच तर रोज वेगळं चुकावं, तिसऱ्यावर जावं, अकराव्यावर जावं. नेमका दुसराच का? भावाला सांगितलं तर म्हणाला, लिफ्टचं बटण खराब असेल. मी फोन ठेवला.

दिवाळीच्या आधी एका मंगळवारी मी नेहमीप्रमाणे नऊला निघाले आणि गाडीपाशी गेल्यावर लक्षात आलं, लॅपटॉपचा चार्जर वरच राहिला. वर आले, किल्लीने दार उघडलं आणि पॅसेजमध्येच थबकले. स्वयंपाकघरात आई हिंदी बोलत होती. आमच्या घरात हिंदी उंबऱ्याबाहेर असते. कामवाली आली तर, कुरिअरवाला आला तर. पण कामवाली तर अकराला येते.

"आज कौनसा दिन है?" आई विचारत होती. तिच्या त्या ठसठशीत मराठी हिंदीत.

"मंगल," बाबांचा आवाज.

"महीना?"

"अक्टूबर."

"हम अभी किस शहर में हैं?"

"दिल्ली."

"राज्य?"

"दिल्लीच."

"च नको हो. नुसतं दिल्ली म्हणा. किस मंज़िल पर हैं?"

"दूसरी!"

"शाबास," आई म्हणाली आणि तव्यावर पोळी पडल्याचा आवाज आला.

आम्ही नोएडात, उत्तर प्रदेशात, सातव्या मजल्यावर होतो. मी पॅसेजमध्ये चपला घालूनच उभी राहिले आणि सगळा उलगडा झाला. सत्तावीस गुण, धडाधड उत्तरं, चश्मा पतंग लोटा, आणि लुधियानाच्या बाईंच्या सोफ्यावरचा चहा. पहिल्या दिवशी भिंतीकडे बघत बसलेल्या माझ्या आईने अख्खा पेपर पाठ करून घरी आणला होता, आणि मी ऑफिसला गेले की रोज तासभर ती तो बाबांकडून घोटून घेत होती. बाबांच्या डोक्यात आता जागा कमी उरलेली, त्यात नवीन एकच मजला पक्का बसला होता, तोही दवाखान्याचा. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"कधीपासून चाललंय हे?"

आई दचकली, पण पोळी उलटायची विसरली नाही. "काय कधीपासून? तयारी करून घेतेय."

"तयारी? आई, ती चाचणी आहे! आजार शोधायची चाचणी!"

"मग? बिनतयारीचे गेले होते तेव्हा काय झालं, पाहिलंस ना? घरी येऊन जेवले नाहीत. मी नापास झालो, मी नापास झालो, एवढंच म्हणत बसले. तू तर ऑफिसला गेलीस दुसऱ्या दिवशी. मी पाहिलंय ते तोंड."

"अगं, त्यात नापास व्हायचं असतं!" माझा आवाज शेजारी जात असणार, जाऊ दे. "नापास झालं तरच स्कॅन करतात, तरच औषध देतात. तू त्यांना पास केलंस म्हणून त्यांना काही मिळालं नाही. दोन महिने गेले, आई. दोन महिने!"

"म्हणजे मी माझ्या नवऱ्याला नापास व्हायला घेऊन जाऊ?" तिने लाटणं खाली ठेवलं. "तुम्ही दोघं परीक्षेला जाताना मी कधी असंच सोडलंय का? पाठ करून जाणं म्हणजे लबाडी झाली?"

या बाईला कसं समजवायचं? आमच्या घरात सगळं काही परीक्षा देऊनच मिळालं होतं. बाबांची नोकरी, बढती, मोठं क्वार्टर, माझी नोकरी, भावाचं इंजिनिअरिंग. प्रश्न आधी मिळवायचे, उत्तरं घोटायची, दही-साखर खाऊन जायचं आणि पास व्हायचं. पास होणं वाईट असू शकतं हे तिच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते समजूनही घ्यायचं नव्हतं. मला ओरडायचं होतं, म्हणून मी ओरडले. भाऊ रविवारी फोन करतो त्याच्या आधीही तू यांना पढवतेस का, असं विचारलं. तिने लाटणं पुन्हा उचललं, म्हणजे पढवत होती.

आम्ही दोघी तारस्वरात बोलत असताना बाबा मोढ्यावरून उठले. "भांडू नका गं," ते म्हणाले. "मी करतो अभ्यास." आणि परत बसले.

त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. डॉक्टरांना फोन करून जे घडलं ते सांगितलं. पाठांतर विसरलं जाऊ दे म्हणाल्या आणि महिन्याभरानंतरची वेळ दिली. आईला मी निक्षून सांगितलं की आजपासून हे बंद. वार नाही, महिना नाही, मंज़िल तर अजिबात नाही. तिने एका जुन्या डायरीत प्रश्न लिहून ठेवले होते, ती डायरी मी माझ्या कपाटात टाकली. त्याने काय होणार म्हणा, तिला सगळं तोंडपाठ होतं. मग मी पाळत ठेवायला लागले. घरून काम करायचं ठरवलं, स्वयंपाकघरात कुजबुज ऐकू आली की खुर्ची सरकवून उठायचं. "आई!" अशी एक हाक मारायची. दोनदा पकडलं. तिसऱ्यांदा पकडलं तेव्हा ती म्हणाली, "दिवाळी आठ दिवसांवर आली एवढंच सांगत होते," आणि डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, रडून काही होणार नाही.

त्यानंतर तिने विचारणं सोडलं. सकाळी ती पोळ्या करायची, बाबा थोडा वेळ मोढ्यावर बसायचे, काही विचारत नाही म्हटल्यावर उठून आत जाऊन झोपायचे. घर गप्प झालं. मला ते बरं वाटलं, कारण आता चाचणीत खरं काय ते दिसणार होतं.

ठरलेल्या दिवशी मी आईला तपासणीच्या खोलीबाहेर बसवलं. तिच्या हातात बाबांचा स्वेटर आणि पाण्याची बाटली होती. "मी एक शब्द बोलणार नाही, नुसती बसते," ती म्हणाली. मी नको म्हटलं. दार लावून घेतलं तेव्हा ती बाकावरून वाकून आत बघत होती.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "सर, आज कौनसी तारीख है?"

बाबा सरळ बसले. त्यांनी बाईंकडे नीट बघितलं आणि अगदी जुन्या सवयीने, वरिष्ठांशी बोलावं तसं विचारलं, "मॅडम, याद किया हुआ बताऊँ, या जो सच में याद है वो?"

बाईंनी पेन थांबवलं. "जो सच में याद है, सर."

बाबा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "फिर तो ज़्यादा कुछ नहीं है," ते म्हणाले.

पुढचा अर्धा तास मी कसा काढला ते सांगता येणार नाही. त्यांनी खरंच पाठ केलेलं एकही उत्तर दिलं नाही. राज्य पुन्हा महाराष्ट्र. मजला विचारला तर खिडकीबाहेर बघून म्हणाले, झाड दिसतंय, पण मजला नाही सांगता येत. बाईंनी या वेळी शब्दही बदलले होते, ते त्यांना एकही राहिले नाहीत. वजाबाकीला ते फक्त हसले. आणि महिनाभर ज्या सत्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं, ते समोर एकेक ओळीने कागदावर उतरत असताना मला वाटत होतं, बाबा, एक तरी पाठ केलेलं सांगा. फक्त एक. तेरा गुण पडले.

बाई स्कॅन लिहीत होत्या, रक्ताच्या तपासण्या लिहीत होत्या, गोळी लिहीत होत्या. "तीन महीने पहले शुरू हो जाता तो बेहतर रहता," त्या मान वर न करता म्हणाल्या. मी हो म्हटलं. बाबा माझ्याकडे कलले आणि हळूच मराठीत म्हणाले, "तिला आकडा सांगू नकोस. रोज बसायची गं माझ्यासाठी. तिला वाटेल, वाया गेलं."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आपलं काय चाललंय ते, आणि आईचं काय चाललंय तेही. थकलेले असायचे, वार-महिना निसटून जायचा, तरी रोज सकाळी उठून त्या मोढ्यावर जाऊन बसायचे आणि दूसरी म्हणायचे, कारण तिला शाबास म्हणायला आवडायचं. मी दोघांनाही मूर्खात काढलं होतं. मला राग आला, पण आता तो कुणावर काढायचा ते समजेना.

बाहेर आई उभी राहिली. तिने बाबांना स्वेटर चढवला, बटणं लावली. "कसं झालं?" तिने त्यांनाच विचारलं.

"बाहेरचं विचारलं गं सगळं," बाबा म्हणाले. "आपण केलेलं काही आलंच नाही."

तिने माझ्याकडे हात केला. मी कागद द्यायला नको होता, पण गोळ्या तीच देते, कधी ना कधी वाचणारच होती. तिने चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचलं. इंग्रजी कळत नसलं तरी आकडा कळतो. घडी घालून कागद पर्समध्ये ठेवला. गाडी मी त्या दिवशी आणली नव्हती, टॅक्सीत बाबा आमच्या दोघींच्या मध्ये बसले आणि रिंग रोडला लागायच्या आत झोपले. पुलावर नेहमीप्रमाणे ट्रॅफिक तुंबला होता. मी ऐकायला तयार होते. ती म्हणेल, शब्द बदलले मग कसं येणार. म्हणेल, तू एक महिना बंद पाडलंस म्हणून घसरले. मी उत्तरंही तयार ठेवली होती.

"तू म्हणतेस ते बरोबर असेल," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, हे काही हवेचं नाही. चोपन्न वर्षं झाली गं, मला कळणार नाही?"

"मग का केलंस, आई?"

ती समोरच्या गाड्यांकडे बघत होती. "ते बोलायचेच बंद झाले होते. काही सांगितलं तर हो म्हणणं नाही की नको म्हणणं नाही. दिवसभर मी एकटी बोलतेय आणि ते झोपलेत. प्रश्न विचारले की उत्तर द्यायचे. तेवढा तासभर माझ्याशी बोलायचे." बाबांचं डोकं तिच्या खांद्यावर घसरलं, ते तिने हाताने सावरलं. "तू बंद करायला लावलंस तेव्हापासून तेही नाही. वार विचारायचा नाही, महिना विचारायचा नाही. मग उद्या सकाळी मी त्यांच्याशी काय बोलू, ते तरी सांग."

तिने खरोखरच उत्तरासाठी माझ्याकडे वळून बघितलं. काय करू नकोस, हे मी तिला महिनाभर सांगत होते, कधी ओरडून, कधी चोरून पाळत ठेवून. काय कर, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. ती अजून वाट बघत होती.